तीच ती गाणी आणि त्यामागची न सांगितलेली सोयरीक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रॉक संगीतावर मराठीत काही छापून आलं की गाणी ठरलेलीच असतात. ‘स्मोक ऑन द वॉटर’, ‘स्टेअरवे टू हेवन’, ‘हॉटेल कॅलिफोर्निया’, फार तर ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’. रेडिओवर तीच, मोबाइलवरच्या आयत्या प्लेलिस्टमध्येही तीच. जुन्या श्रोत्यांचे कान किटले आहेत आणि नव्यांना वाटतं की रॉक म्हणजे एवढंच. माझ्या मते दोष गाण्यांचा नाही. गाणं हजार वेळा वाजतं आणि ते वाजवलंय कोणी, हे एकदाही सांगितलं जात नाही, तिथे गाडं अडतं. घासून गुळगुळीत झालेल्या या प्रत्येक गाण्यामागे माणसांचा मोठा गोतावळा आहे. तो एकदा कळला की त्याच गाण्यातून आणखी वीस गाण्यांची वाट निघते.

डीप पर्पल या ब्रिटिश बँडच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’पासून सुरुवात करतो, कारण सर्वाधिक अन्याय त्याच्यावर झालाय. गिटार हातात घेतलेला जवळपास प्रत्येक जण पहिल्या काही दिवसांतच त्याची रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हापुन्हा येणारा गिटारचा छोटा तुकडा, वाजवतो, आणि बहुतेक जण चुकीची वाजवतात. एकाच जाड तारेवर ती ओढत नेणं ही एक चूक. दुसरी चूक पॉवर कॉर्डची, म्हणजे खाली मूळ स्वर आणि वर त्याचा पाचवा. पर्पलचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर नेमकं उलट करतो. डी आणि जी या दोन तारा तो एकत्र वाजवतो: मोकळ्या, तिसरा फ्रेट (गिटारच्या मानेवरची धातूची आडवी पट्टी), पाचवा, मोकळ्या, तिसरा, सहावा, पाचवा, मोकळ्या, तिसरा, पाचवा आणि उतरताना तिसरा, मोकळ्या. त्यामुळे मूळ स्वर वर राहतो आणि त्याच्याखाली चौथ्याच्या अंतरावर दुसरा स्वर लागतो. शिवाय इथे पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, नाही. दोन्ही तारा बोटांनी एकाच क्षणी उचलायच्या. पिक मारला की एक तार आधी आणि दुसरी किंचित मागून वाजते, आणि रिफचा ठोसा बोथट होतो. एवढं करूनही रेकॉर्डसारखा आवाज येत नाही, कारण रेकॉर्डवर गिटार एकटी नाहीच. दुसऱ्या आवर्तनापासून कीबोर्डवादक जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन तीच रिफ वाजवतो, तोही मार्शल अँप्लिफायरमधून फाटक्या आवाजात. आधी गिटार, मग हाय-हॅट (ड्रममधली पायाने चालणारी झांजांची जोडी) आणि ऑर्गन, मग बाकीचे ड्रम, शेवटी बेस. पुढच्या वेळी हे गाणं लागेल तेव्हा हा क्रम मोजत ऐकावा. वीट आलेलं गाणं नवं वाटतं.

गाण्यात सांगितलेली आग खरी आहे. ४ डिसेंबर १९७१ रोजी स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो इथल्या कसिनोत अमेरिकन संगीतकार फ्रँक झॅपाचा कार्यक्रम चालू असताना ती लागली आणि तिथे अल्बम रेकॉर्ड करायला आलेल्या डीप पर्पलने धूर तलावावर पसरताना पाहिला. इथवर सगळेच लिहितात. त्या रात्री झॅपाच्या मागे ड्रमवर एन्सली डनबार होता, हे मात्र कोणी लिहीत नाही. हा माणूस नीट पाहण्यासारखा आहे. १९६७ च्या, ब्रिटिश ब्लूज गायक जॉन मेयॉलच्या ‘अ हार्ड रोड’ या अल्बमवर ड्रम त्याचेच आहेत, आणि त्याच अल्बमवर पीटर ग्रीनची गिटार आणि जॉन मॅकव्हीचा बेस आहे. डनबारने मेयॉलला सोडलं तेव्हा त्याच्या जागी काही आठवडे मिक फ्लीटवुड बसला. आता ग्रीन, मॅकव्ही आणि फ्लीटवुड ही तीन नावं एकत्र वाचा, म्हणजे त्याच वर्षी फ्लीटवुड मॅक कुठून जन्माला आलं ते समजेल. डनबार पुढे गिटारवादक जेफ बेककडे काही काळ, मग झॅपाकडे, मग जर्नी या बँडच्या पहिल्या चार अल्बमांवर. आणि १९८७ साली व्हाइटस्नेकच्या सर्वाधिक खपलेल्या अल्बमवर ड्रम पुन्हा त्याचेच. व्हाइटस्नेकचा गायक डेव्हिड कव्हरडेल, म्हणजे डीप पर्पलमध्ये इयन गिलननंतर आलेला गायक. कसिनो पेटलं तेव्हा मंचावर असलेला ड्रमर सोळा वर्षांनी पर्पलच्याच घरातल्या माणसामागे वाजवतोय! एका चावून चोथा झालेल्या गाण्यात एवढं दडलेलं आहे.

‘मशीन हेड’ हा अल्बम १९७२ साली आला तेव्हा बँडने सिंगल, म्हणजे एकट्या गाण्याची छोटी रेकॉर्ड, म्हणून हे गाणं निवडलंच नव्हतं. निवडलं होतं ‘नेव्हर बिफोर’. ‘स्मोक’ अमेरिकेत सिंगल म्हणून आलं १९७३ साली आणि बिलबोर्डच्या लोकप्रियतेच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. ‘नेव्हर बिफोर’ आज कोणी लावत नाही. लावावं. अवघ्या चार मिनिटांचं गाणं आहे आणि पाचही जण त्यात उत्तम वाजलेत.

पर्पलची फाटाफूट हा तर वंशावळीचा आदर्श नमुना. ब्लॅकमोर १९७५ मध्ये बाहेर पडला आणि त्याने रेनबो काढलं. रेनबोचा पहिला अल्बम म्हणजे रॉनी जेम्स डिओचा एल्फ हा अख्खा बँड, फक्त गिटारवादक बदललेला. एल्फचा पहिला अल्बम घडवला होता पर्पलच्याच रॉजर ग्लोव्हर आणि इयन पेस यांनी, म्हणजे ओळख जुनी. डिओ १९७९ मध्ये ब्लॅक सॅबथमध्ये गेला. १९८३ मध्ये सॅबथचा गायक झाला इयन गिलन, आणि १९८६ च्या ‘सेव्हन्थ स्टार’वर गायला ग्लेन ह्यूज, तोही पर्पलचाच. एका घराचे दोन गायक आणि शेजारचा एक, असे तिघे सॅबथने वापरले. कोझी पॉवेल हा ड्रमर जेफ बेक ग्रुप, रेनबो, व्हाइटस्नेक आणि ब्लॅक सॅबथ या चारही ठिकाणी सापडतो. त्याचे ड्रम ओळखायला शिकलात तर सत्तर आणि ऐंशीच्या दशकांतलं ब्रिटिश हार्ड रॉक निम्मं पाठ होतं.

‘स्टेअरवे’कडे वळू. लेड झेपेलिनच्या १९७१ च्या चौथ्या अल्बमवरचं हे गाणं आठ मिनिटांचं. ड्रम येतात ते चार मिनिटं उलटून गेल्यावर, आणि सोलो सहाव्या मिनिटाच्या आसपास. हा सोलो झेपेलिनच्या जिमी पेजच्या नेहमीच्या गिब्सन लेस पॉलवरचा आहे, असं बऱ्याच ठिकाणी छापलं जातं. ते चूक आहे. तो वाजवलाय टेलिकास्टरवर, आणि ती गिटार त्याला दिली होती जेफ बेकने. त्यामागचं कारण म्हणजे रॉकमधल्या सोयरिकीचा कळस आहे. मार्च १९६५ मध्ये गिटारवादक एरिक क्लॅप्टनने यार्डबर्ड्स हा बँड सोडला, कारण बँड ब्लूज सोडून पॉपकडे वळला होता. जागा आधी पेजला देऊ केली गेली. स्टुडिओतल्या कामात गुंतलेल्या पेजने नाही म्हटलं आणि बेकचं नाव सुचवलं. त्याची परतफेड म्हणजे ही गिटार. १९६६ मध्ये पेज स्वतःही यार्डबर्ड्समध्ये आला, आधी चक्क बेस वाजवायला. बाकीचे पांगल्यावर १९६८ मध्ये त्याने नव्या माणसांसह तोच बँड न्यू यार्डबर्ड्स या नावाने चालवला आणि काही आठवड्यांत त्याचं लेड झेपेलिन झालं.

पण खरी गंमत मे १९६६ मधल्या ‘बेक्स बोलेरो’त आहे. तीन मिनिटांचंही नसलेलं हे वाद्यसंगीत. गिटारवर बेक आणि पेज, बेसवर पुढे झेपेलिनमध्ये आलेला जॉन पॉल जोन्स, पियानोवर निकी हॉपकिन्स, ड्रमवर द हूचा कीथ मून. लेड झेपेलिन जन्माला यायच्या दोन वर्षं आधी तिचा अर्धा भाग एका खोलीत बसून वाजवतोय! मध्यावर मून ओरडतो आणि त्याच झटक्यात काठीने ड्रमवरचा माइक उडवतो. त्यानंतर त्याच्या झांजाच पुढे ऐकू येतात. हेडफोन लावून ऐकलं तर तो बदल स्पष्ट कळतो. ‘स्टेअरवे’ शंभरदा लावणाऱ्याने एकदा हे लावून पाहावं. निकी हॉपकिन्सचा माग काढायचा तर एक वेगळंच पत्र लागेल. रोलिंग स्टोन्स, किंक्स, द हू, जेफरसन एअरप्लेन, बीटल्सच्या ‘रेव्होल्यूशन’च्या सिंगलवरचा इलेक्ट्रिक पियानो, सगळीकडे तो आहे. स्टोन्सच्या ‘शीज अ रेनबो’त पियानो हॉपकिन्सचा आणि तंतुवाद्यांची रचना जॉन पॉल जोन्सची.

‘हॉटेल कॅलिफोर्निया’बद्दल थोडक्यात. ईगल्स या अमेरिकन बँडचं हे गाणं बी मायनरमध्ये आहे, पण ती सुरुवातीची झुळझुळ बी मायनरची बार कॉर्ड पकडून येत नाही. सातव्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावायचा आणि ई मायनर, बी सेव्हन, डी, ए, सी, जी, ए मायनर, बी सेव्हन या आकारांत वाजवायचं. आठ कॉर्ड, आठ मात्रागट. शेवटच्या दोन मिनिटांतला सोलो एकाचा नाही. डॉन फेल्डर आणि जो वॉल्श आळीपाळीने वाजवतात आणि अखेरीस दोघे मिळून. वॉल्श पूर्वी जेम्स गँगमध्ये होता, ईगल्समध्ये आला तो बर्नी लेडनच्या जागी. आणि बेसवरचा रँडी माइस्नर हा मूळचा पोको या बँडचा. त्याने पोको सोडलं तेव्हा त्याच्या जागी टिमथी बी. श्मिट आला. १९७७ मध्ये माइस्नरने ईगल्स सोडलं, तेव्हाही त्याच्या जागी आला तो श्मिटच. दोन बँड, एकच जागा, तीच दोन माणसं. पोको स्वतः बफलो स्प्रिंगफील्डच्या अवशेषांतून निघालेलं, आणि त्याच बफलो स्प्रिंगफील्डमधून स्टीफन स्टिल्स आणि नील यंगही निघाले. एवढं कळलं की ईगल्सच्या आवाजातल्या एकत्र गाण्याची मुळं कुठे आहेत, हे वेगळं सांगावं लागत नाही.

मग ही गाणी इतकी का वाजतात? रेडिओ स्टेशनची गाणी निवडण्याची एक पद्धत आहे. गाण्याचा सगळ्यात ओळखीचा तुकडा, ज्याला हूक म्हणतात, सात ते दहा सेकंदांचा कापायचा आणि असे शेकडो तुकडे निवडक श्रोत्यांना ओळीने ऐकवायचे. श्रोते गुण देतात. दहा सेकंदांत ओळखीचंच गाणं जिंकणार हे उघड आहे. ज्याचा जीव पाचव्या मिनिटात आहे किंवा जे कधी ऐकलंच नाही, ते तिथेच बाद होतं. कंटाळा मोजायलाही एक रकाना असतो, त्याला बर्न म्हणतात. पण एखाद्या गाण्याचा कंटाळा आलाय असं श्रोता सांगतो तेव्हाही ते त्याला ओळखीचं असतंच, म्हणून यादीतून ते सहसा जात नाही. आता हिशेब करा. तासाला १२ गाणी धरली तर दिवसाला २८८. यादी ३०० गाण्यांची असेल तर प्रत्येक गाणं जवळजवळ रोज वाजणार, आणि त्यातली लाडकी गाणी दिवसातून दोनदा. मोबाइलवरची सेवा वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचते. ‘हे आवडलं, मग हेही आवडेल’ असं ती सुचवते ते इतरांनी काय ऐकलं त्यावरून, कोणी वाजवलं त्यावरून नाही. म्हणून ‘स्टेअरवे’नंतर ती ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ लावते, ‘बेक्स बोलेरो’ नाही.

कापाकापीचा इतिहासही याच्याशी जोडलेला आहे. सात इंची सिंगलच्या एका बाजूवर भरघोस आवाजात तीन-चार मिनिटंच नीट बसत, आणि रेडिओलाही तेवढंच हवं असे. डोअर्सचं ‘लाइट माय फायर’ सात मिनिटांचं, १९६७ च्या सिंगलवर ते तीन मिनिटांच्या आत आणलं, आणि कापलं काय तर ऑर्गन आणि गिटारचे सोलो, म्हणजे वादकच. क्लॅप्टनच्या ‘लैला’चंही तसंच झालं. १९७१ च्या सिंगलवरून शेवटचा पियानोचा पूर्ण भाग छाटला आणि गाणं फारसं चाललं नाही. १९७२ मध्ये पूर्ण लांबीचं सिंगल आलं आणि अमेरिकेत दहाव्या, ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकावर गेलं. श्रोत्याला लांब गाणं झेपत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

ज्यांना स्वतः वंशावळ काढायची आहे त्यांच्यासाठी पद्धत सांगतो, कारण यात चुका फार होतात. मोठा कागद आडवा घ्या. वरून खाली काळ, वर्षावर्षाने. प्रत्येक लाईनअप, म्हणजे बँडमधल्या माणसांचा एका वेळचा संच, ही एक आडवी चौकट, तिच्यात माणूस आणि वाद्य. माणूस एका चौकटीतून दुसरीत गेला की उभी रेघ. ब्रिटनमध्ये पीट फ्रेम यांनी हाताने काढलेल्या वंशावळी अशाच आहेत. एक माणूस बदलला तरी नवी चौकट हवी. पर्पलचे चाहते मार्क वन, मार्क टू म्हणतात ते याचसाठी. पाहुणे वादक ठळक रेघेने जोडू नका, तुटक रेघ वापरा, नाहीतर निकी हॉपकिन्स एकाच वेळी सहा बँडांचा सभासद दिसेल. आणि वर्ष लिहिताना रेकॉर्डिंगचं लिहा, प्रकाशनाचं नाही. ‘बेक्स बोलेरो’ बाहेर आलं १९६७ मध्ये. तेच वर्ष धरलं तर पेज आणि बेक यार्डबर्ड्समधून वेगळे झाल्यावर पुन्हा एकत्र आले, असा भलताच अर्थ निघतो.

कव्हरवर छापलेल्या नावांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. क्लॅप्टनच्या क्रीम या बँडच्या ‘बॅज’वर गिटारवादक म्हणून लाँजेलो मिस्तेरिओसो असं नाव आहे, तो जॉर्ज हॅरिसन. करारामुळे खरं नाव छापता येत नव्हतं. त्याच्या थोडं आधी बीटल्सच्या ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’वर क्लॅप्टनने सोलो वाजवला, तिथे त्याचं नावच नाही. निर्व्हानाच्या ‘नेव्हरमाइंड’वर ड्रमर म्हणून डेव्ह ग्रोल, पण ‘पॉली’ हे गाणं एप्रिल १९९० चं जुनं रेकॉर्डिंग आहे आणि त्यातल्या झांजा आधीच्या ड्रमरच्या, चॅड चॅनिंगच्या. सगळ्यात वाईट प्रकार सॅबथचा मूळ गायक ऑझी ऑझबर्न याच्या स्वतःच्या पहिल्या दोन अल्बमांचा. पहिल्या अल्बममधल्या ‘क्रेझी ट्रेन’वरचा बेस बॉब डेझ्लीचा, जो रेनबोमधून आला होता, आणि ड्रम युराया हीपच्या ली कर्स्लेकचे. दुसऱ्या अल्बमवरही हेच दोघे वाजले, पण कव्हरवर नावं छापली त्यांच्यानंतर आलेल्या रूडी सार्झो आणि टॉमी ऑल्ड्रिज यांची. पुढे २००२ च्या आवृत्तीत तर दोन्ही अल्बमांवरचे मूळ बेस आणि ड्रम पुसून रॉबर्ट ट्रुहियो आणि माइक बॉर्डिन यांच्याकडून नव्याने वाजवून घेतले. २०११ मध्ये मूळ रेकॉर्डिंग परत आणलं. म्हणजे २००२ ची सीडी असेल तर ‘क्रेझी ट्रेन’ ओळखीचं वाटेल, पण तळ वेगळ्याच माणसांचा असेल. आपल्याकडची प्रत कोणत्या वर्षाची आहे ते आधी पाहावं आणि मगच वादकांबद्दल लिहावं. ट्रुहियो पुढच्याच वर्षी मेटालिकात गेला, हा त्या गोंधळातला आणखी एक धागा.

नावसारखेपणाही फसवतो. क्वीनचा ड्रमर रॉजर टेलर आणि ड्युरान ड्युरानचा ड्रमर रॉजर टेलर ही दोन माणसं. ड्युरान ड्युरानमधले तीन टेलर एकमेकांचे कोणी नाहीत. रोलिंग स्टोन्सचा ब्रायन जोन्स, जॉन पॉल जोन्स आणि ड्रमर केनी जोन्स यांचंही नातं नाही, जरी तिसरा जोन्स स्मॉल फेसेस आणि फेसेसमधून १९७८ मध्ये द हूमध्ये कीथ मूनच्या जागी गेला आणि कागदावर दुसऱ्या जोन्सच्या अगदी जवळ येऊन बसतो.

एकदा कागद भरू लागला की पिढ्यांमधली अंतरंही मिटतात. झेपेलिन वडिलांच्या काळातलं आणि निर्व्हाना नंतरचं, असं आपण म्हणतो. २००९ मध्ये देम क्रुकेड व्हल्चर्स या बँडमध्ये ड्रमवर डेव्ह ग्रोल आणि बेसवर जॉन पॉल जोन्स होते. ‘बेक्स बोलेरो’पासून ‘नेव्हरमाइंड’पर्यंत जायला एकच माणूस लागतो.

आपल्याकडे विनंती एवढीच, की रॉकवरच्या लेखात गाण्याचं नाव आलं की खाली दोन ओळी वादकांच्या असाव्यात, आणि एक ओळ पुढच्या गाण्याची. जागा फार लागत नाही. नमुना देतो.

‘लैला’, डेरेक अँड द डॉमिनोज, १९७०. गायन आणि गिटार एरिक क्लॅप्टन, पूर्वी यार्डबर्ड्स, मेयॉल, क्रीम. स्लाइड गिटार ड्युएन ऑलमन, ऑलमन ब्रदर्स बँडमधून पाहुणा. कीबोर्ड बॉबी व्हिटलॉक, बेस कार्ल रेडल, ड्रम आणि शेवटच्या भागातला पियानो जिम गॉर्डन, तिघेही डिलेनी अँड बॉनीच्या ताफ्यातले. पुढे ऐका: हेच तिघे वाजवणारा जॉर्ज हॅरिसनचा ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’, तोही १९७० चाच.

आपला,
एक नियमित वाचक